वय धरून

छत्तीस मेंदू होते. अठरा गाणाऱ्या बायकांचे, अठरा न गाणाऱ्या बायकांचे. सदतिसावीला एमआरआयच्या यंत्रात शिंक आली, चित्र हललं, म्हणून तिला आणि तिच्या जोडीच्या बाईला वगळलं.

गाणाऱ्या सगळ्या थोरल्या मावशीच्या समूहगानाच्या वर्गातल्या. प्रत्येकीने आपल्यासोबत एक न गाणारी आणली होती: कुणी बहीण, कुणी जाऊ, कुणी नणंद. मावशीची भाची एका संस्थेत मेंदूवर संशोधन करत होती आणि त्याच संस्थेच्या हॉलमध्ये दर गुरुवारी वर्ग भरायचा. हॉल आता टेबल टेनिसवाल्यांनाही हवा होता. संचालकांनी मावशीला सांगितलं होतं, "गाणाऱ्या आणि न गाणाऱ्यांमध्ये एक तरी ठळक फरक दाखवा, हॉल तुमचा."

भाचीने कानामागच्या भागातल्या मेंदूच्या सालीची जाडी मोजली. वयाबरोबर ही साल पातळ होत जाते, म्हणून नुसती जाडी ताडून पाहून चालत नाही. वयाचा वाटा आधी वजा करावा लागतो. तो तिने वजा केला आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, गाणाऱ्यांची साल पातळ निघाली. चार शतांश मिलिमीटर."

"पातळ म्हणजे चांगली ना?"

"नाही."

"मग उलटं धरलं असशील."

भाचीच्या मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहिले. "वयं कुणी विचारली?"

"तंत्रज्ञाने. दारात उभं राहून, एकेकीला."

"सगळ्यांसमोर?"

भाचीने यादी जवळ ओढली. हिशेबात नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. बाईंच्या परवानगीने तिने नावं उघडली. थोरली मावशी त्रेपन्न, तिने सोबत आणलेली न गाणारी बहीण, धाकटी मावशी, सत्तावन्न.

ती थोरलीच्या घरी गेली. "मावशी, तू धाकटीपेक्षा चार वर्षांनी लहान कशी?"

"दिसते ना पण?"

"यंत्राला दिसण्याशी काय करायचंय? तू वय कमी सांगितलंस, म्हणून वजा कमी झालं. वय कमी आणि साल पातळ, म्हणजे गाण्याने मेंदू झिजतो असं निघतंय!"

मावशीने चहाचा कप खाली ठेवला. "खरं वय सांगितलं तर?"

"तर या वयाच्या मानाने मेंदू चांगला, असं निघेल कदाचित."

"चौसष्ट," मावशी म्हणाली आणि उठून दार लावून आली. "बाकीच्यांची मी काढते. माझ्यासमोर कोण खोटं बोलतंय बघू."

दोन दिवसांत अठरा वयं आली, सोबत जन्माचे दाखलेही. गाणाऱ्या सरासरी आठ वर्षांनी वाढल्या. हिशेब पुन्हा केला, तर त्यांची साल चार शतांश मिलिमीटर जाड निघाली. मावशीने त्याच संध्याकाळी पेढे वाटायचे ते वाटले. एक पेढा धाकटीकडेही गेला.

सकाळी धाकटी मावशी प्रयोगशाळेच्या दारात. मागे नणंदा, जावा.

"काय गं, आमचे मेंदू पातळ?"

"मावशी, तुलनेने."

"ताईनं अकरा वर्षं वाढवून घेतली आणि आम्ही तशाच? हा कुठला न्याय? लिही. एकसष्ट."

"तूपण?"

"सगळ्यांसमोर विचारलं त्यानं! रांगेत माझ्या पुढची वहिनी पंचावन्न म्हणाली, मी काय साठीची म्हणू?"

मागून एक जाऊ म्हणाली, "माझी पाच वाढव. नको, सहा. खरं एकदाच बोलायचं तर पूर्ण बोलावं."

न गाणाऱ्या सरासरी चार वर्षांनी वाढल्या. भाचीने तिसऱ्यांदा हिशेब केला. वय धरून दोन गटांतला फरक: शून्य पूर्णांक शून्य शून्य.

संचालकांकडे जायला दहा मिनिटं होती. थोरली मावशी नवी साडी नेसून बाकावर बसली होती. भाचीने तिला आकडा दाखवला. मावशीने चष्मा लावून तो वाचला.

"म्हणजे टेबल टेनिस."

"मेंदूत फरक नाही, मावशी. मी दुसरं काही लिहू शकत नाही."

"लिहू नकोस. खोट्यानं काय होतं ते बघितलं." मग हळूच, "दुसरीकडे कुठे काहीच फरक नाही?"

भाचीने मान खाली घातली. "एक आहे. ठळक आहे. पण तो दाखवायचा तर भिंतीवर, सगळ्यांसमोर. टेबल टेनिसवालेही येणार आहेत."

"कसला फरक?"

भाचीने कानात सांगितलं. मावशीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तिने पदर खोचला.

"आत गेल्यावर मी पहिल्या रांगेत बसते. तू लाव."

दिवे मालवले. भिंतीवर एकच तक्ता आला.

सांगितलेलं वय खऱ्या वयापेक्षा किती कमी: गाणाऱ्या, सरासरी ८.१ वर्षं, न गाणाऱ्या, सरासरी ४.० वर्षं. फरक ४.१ वर्षं. हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी.