एकोणसत्तर जीबीची चौकशी

जे हाती आलं ते माणूस वापरतो आणि जे आलं नाही ते मोजतो. यातलं दुसरं काम जास्त कष्टाचं असल्यामुळे ते निवृत्त माणसांकडे सोपवलेलं असतं. चेन्नईत अशा माणसांची टंचाई नाही. नंगनल्लूरच्या एका चार मजली इमारतीला तर साक्षात जनकोजीराव लाभले आहेत.

जनकोजीरावांचं घराणं तंजावरचं. (घरात मराठी, दारात तमिळ, रागावले की दोन्ही.) गिंडीच्या एका सरकारी कारखान्यात ते भांडारप्रमुख होते. त्यांच्या अमदानीत भांडारातून एक वॉशरसुद्धा हरवला नाही. पुढेपुढे तिथे कुणी काही मागायलाच येईना, हेही त्याचं एक कारण असेल. पण हरवला नाही हे खरं.

त्यांच्या पत्नीला, चंद्रिकाबाईंना, तंजावरी पद्धतीची वांग्याची रसवांगी कशी करतात ते व्हिडिओतून जगाला दाखवायचं होतं. सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या भव्याने, म्हणजे लेकीने, त्यासाठी आईला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. खोक्यावर 'एक टीबी' असं छापलं होतं. एक टीबी म्हणजे हजार जीबी, हे खोक्यावरच बारीक अक्षरांत होतं आणि बारीक अक्षरं वाचणं हा जनकोजीरावांचा धर्म होता. माल आला की आधी मोजायचा, या शिस्तीने त्यांनी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर आकडा होता नऊशे एकतीस.

"एकोणसत्तर कमी," ते म्हणाले. "मोजणी जुळेपर्यंत मालाला कुणी हात लावायचा नाही."

"अहो, वांगी चिरून झालीत," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

वांगी त्या दिवशी नुसतीच खाल्ली गेली.

प्राथमिक तपासात जनकोजीरावांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, टेबलाखाली बॅटरी मारली आणि कॉम्प्युटरमधली कचरापेटी उघडून पाहिली. ती रिकामी निघाल्यावर (शंका नको म्हणून) स्वयंपाकघरातलीही पाहिली. मग ते दुकानात गेले. दुकानदार सुंदर हा शांत स्वभावाचा माणूस होता, आणि त्या दिवसापर्यंत तरी तो तसा राहिला.

"सार, कंपनी हजाराने मोजते," तो म्हणाला. "कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो. माल तेवढाच आहे."

"म्हणजे कंपनीचा हजार लहान, आणि कॉम्प्युटरचा मोठा?"

"हो सार."

"मग मी पैसे कुठल्या हजाराने दिले?"

सुंदरने यावर पंखा वाढवला. आरोपीला उकडू लागलं, अशी जनकोजीरावांनी मनात नोंद केली.

भव्याने फोनवर समजावून पाहिलं. "अप्पा, काही हरवलं नाहीये. तेच अंतर मैलांत मोजलं की आकडा लहान येतो, किलोमीटरमध्ये मोठा. रस्ता थोडाच आखूड होतो?"

"तू कंपनीत आहेस," जनकोजीराव दुःखाने म्हणाले. "तू कंपनीच्याच बाजूने बोलणार."

सोसायटीचे चिटणीस नारायणस्वामी चौथ्या मजल्यावर राहत. हकीकत ऐकून त्यांनी सहज आपला फोन पाहिला आणि खुर्चीत बसले. त्यांच्याही फोनमध्ये, सांगितलेली जागा आणि असलेली जागा यांत तफावत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीने आपापलं तपासलं. नाडले गेलेल्यांचं प्रमाण शंभर टक्के निघालं. (वॉचमनचा फोन साधा असल्यामुळे तो सुटला, आणि म्हणूनच त्याच्यावर संशय आला.)

'हरवलेली जागा शोध समिती' स्थापन झाली. पहिल्याच बैठकीत एका सभासदाने विचारलं, की आपण फ्लॅट घेतले बाराशे चौरस फुटांचे आणि राहतो साडेआठशेमध्ये, तर ती जागाही शोधायची का? हा प्रश्न विषयाला सोडून असल्याचं ठरवण्यात आलं, कारण त्या जागेचे हप्ते अजून चालू होते.

समितीने काम जोरात केलं. प्रत्येक पीडिताच्या जबानीचा व्हिडिओ काढला जाई. बैठकांचेही व्हिडिओ निघत, उत्तम दर्जाचे, म्हणजे चहाची बशीसुद्धा स्वच्छ दिसावी असे. जनकोजीरावांच्या सरकारी वळणामुळे प्रत्येक व्हिडिओ तीन प्रतींत ठेवला जाई: मूळ, दुय्यम आणि कार्यालयीन. हे सगळं जनकोजीरावांच्या नव्या कॉम्प्युटरवर साठवलं जात होतं, कारण घटनास्थळ तेच होतं.

आणि एके सकाळी पडद्यावर लाल पट्टी आली. जागा संपली.

"आता उरलेलीही न्यायला लागले!" जनकोजीराव ओरडले. आयुष्यभर ज्याच्या हातून वॉशर हरवला नाही, त्याच्या डोळ्यांदेखत सबंध भांडार लुटलं गेलं होतं. तातडीची बैठक बोलवायला ते चौथ्या मजल्याकडे धावले, तेही लिफ्ट न घेता.

चंद्रिकाबाईंनी शांतपणे भव्याला फोन लावला.

"अगं, पुरावा कसा पुसतात?"

"कसला पुरावा, आई?"

"शेजारची माणसं बोलताहेत नुसती."

"पूस," भव्या म्हणाली, आणि कसं ते सांगितलं.

तिन्ही प्रती गेल्या. चंद्रिकाबाईंना बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं. त्यांनी पदर खोचला, वांगी चिरली, आणि रसवांगीचा व्हिडिओ करून जगाकडे रवाना केला.

जनकोजीराव परतले तेव्हा पडद्यावर मोकळी जागा आठशे ऐंशी जीबी होती. त्यांनी आकडा दोनदा वाचून घेतला. मग डोळे पुसत म्हणाले, "सापडली."

इमारतीत पायसम झालं. हरवले होते एकोणसत्तर, परत आले आठशे ऐंशी. इतकी चोख व्याजासहित वसुली यापूर्वी कुठल्याच समितीला जमली नव्हती. नारायणस्वामींनी भाषणात सांगितलं, की समितीच्या दबावाने चोर घाबरला. माल ठेवून जाताना त्याने पुरावा नेला, हे चोराच्या दृष्टीने स्वाभाविकच होतं. चंद्रिकाबाईंनी सगळ्यांना आणखी एकेक वाटी पायसम वाढलं.

त्यांचा व्हिडिओ बऱ्यापैकी पाहिला गेला. खाली पहिलाच अभिप्राय कोइंबतूरच्या एका गृहस्थांचा आला: 'वांगी एक किलो घेतली होती. कढईत शेवटी एवढीशीच दिसतात. बाकीची कुठे गेली?' जनकोजीरावांनी त्यांना ताबडतोब समितीवर घेतलं.

समिती आता कायमस्वरूपी आहे. सभासदत्वासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ही हकीकत वाचता वाचता ज्यांनी मध्येच फोन काढून आपली जागा मोजली, ते सभासद झालेलेच आहेत. ज्यांनी मोजली नाही, त्यांचा हात या ओळीपर्यंत खिशाकडे गेलेला असतो. तिसऱ्या प्रकारचा माणूस समितीला अद्याप आढळलेला नाही.