पडद्याशी बोलणाऱ्या गंगाक्का

पडद्यावरच्या माणसांनी काही विचारलं की गंगाक्का त्यांना उत्तर द्यायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगलं खणखणीत, पुरुषांच्या बाजूला ऐकू जाईल असं.

मी लग्न होऊन लातूरकडून हुमनाबादला आले तेव्हा त्या आमच्या शेजारी राहत. त्यांचे यजमान शिवाप्पा, त्यांचं धान्याचं अडत दुकान होतं. माझ्या सासूबाई नव्या सुनेला कुठं एकटी सोडत नसत, पण अक्का बरोबर असल्या की सिनेमाला जाऊ देत. जिच्यासमोर पडद्यावरचा गुंडसुद्धा चार शब्द ऐकून घेतो, तिच्याबरोबर सून जपून राहील, असा त्यांचा हिशेब.

सिनेमा तंबूत. मधे कनात, इकडे बायका, तिकडे पुरुष. अक्कांना तीन भाषा यायच्या आणि तिन्हींची कामं ठरलेली होती. रागवायचं कन्नडात, समजूत घालायची मराठीत, आणि पडद्यावर फौजदार किंवा वकील आला की अदबीनं दखनी उर्दू. "कायकू चिल्लाते साब, बैठके बोलो ना." खलनायक मागून यायला लागला की नायिकेला आधीच सांगायच्या, "मागं बघ गं, यायलाय त्यो." तिनं नाहीच बघितलं तर माझ्याकडं वळून म्हणायच्या, "ऐकतच न्हाई. शिकल्याल्या पोरी अशाच."

मी एकदा म्हटलं, "अक्का, त्यांना ऐकू जात नाही."

"ठावं हाय की मला. घरात तरी कुणाला जातंय?"

घरातली गोष्ट मला सासूबाईंकडून कळली. अक्कांचा एकुलता एक मुलगा बसू हैदराबादेत छापखान्यात होता. तिथंच दवाखान्यात काम करणाऱ्या एका तेलुगू मुलीशी त्यानं लग्न केलं होतं. नेमक्या त्याच दिवसांत हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणं वाटणी व्हायची बोलणी जोरात होती, आणि शिवाप्पा कन्नडच्या बाजूनं गावोगाव सभा घेत होते. कन्नड लोकांनी कन्नड लोकांत राहावं, ज्यानं त्यानं आपापलं घर सांभाळावं, असं ते खुर्चीवर उभं राहून सांगत. असल्या माणसाच्या घरी तेलुगू सून आली तर सभेतले लोक हसतील. म्हणून बसूचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. गिऱ्हाइकाशी मात्र दिवसभर ते मराठीतच बोलत.

अशात तो सिनेमा आला. मुंबईतली गोष्ट. बाप निवडणुकीला उभा, आणि त्याच्या मुलीनं शेजारच्या, दुसऱ्या भाषेच्या मुलाशी लग्न केलेलं. ती आशीर्वाद मागायला दाराशी येते आणि बाप आतून कडी लावतो. अक्का उठून उभ्या राहिल्या.

"बागला तेगी," त्या म्हणाल्या. म्हणजे दार उघड. मग मराठीत, "अवं, लेकरू उभं हाय भाईर. मतं कुठं पळून जायलीत व्हय?"

सगळा तंबू हसला. दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या, मलाही नेलं. मग रोजच. लोक आता सिनेमाइतकंच अक्कांना ऐकायला येऊ लागले. शेवटी बाप निवडणूक हरतो आणि मुलीला घरात घेतो. बायका डोळे पुसत उठायच्या. अक्कांना तो शेवट कधी पटला नाही.

"हरल्यावर घेतलं," घरी येताना त्या म्हणायच्या. "निवडून आला असता तर?"

गावभर बोभाटा झाला तेव्हा शिवाप्पांच्या कानावर गेलंच. ते कधी सिनेमाला न जाणारे, पण त्या संध्याकाळी कनातीपलीकडं त्यांचं पांढरं पागोटं मला दिसलं. अक्कांनाही दिसलं असावं. त्या दिवशी फौजदार आला, त्या बोलल्या नाहीत. खलनायक आला, बोलल्या नाहीत. बापानं कडी लावली. सगळा तंबू वाट बघत होता.

पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, "अक्का, बोला की."

"आता काय बोलू," अक्का हळूच म्हणाल्या. "ज्याला सांगत हुते त्यो आलाय. त्यालाच बघू द्या."

कुणी हसलं नाही. नवरा-बायको घरी गेले ते एकामागं एक.

दोन दिवसांनी अक्कांनी ट्रंक भरली. "मी बसूकडं जायलेय," एवढंच त्या शिवाप्पांना म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. शिवाप्पा म्हणाले, "मोटारीपत्तर सोडतो."

मीही सकाळी स्टँडवर गेले. अक्का बाकावर बसून पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ गेले तर म्हणाल्या, "बांगड्यावाल्या कासारणीकडनं तेलुगू शिकले गं. सुनेला पयल्यांदा काय इचारायचं? जेवलीस का. 'अन्नं तिन्नावा.' बरोबर हाय का?"

मला तेलुगू कुठलं येतंय. ट्रंकेवर बसलेले शिवाप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, "फुडं 'अम्मा' लाव. नुसतं 'तिन्नावा' म्हटलं की दरडावल्यावानी वाटतं."

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणून पाहिलं, "अन्नं तिन्नावा अम्मा." शिवाप्पांनी मान डोलावली.

मोटार आली. ट्रंक आत ठेवायला म्हणून शिवाप्पा चढले. कंडक्टरनं घंटी मारली तरी खाली उतरले नाहीत. खिडकीतून त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली.

"तुझ्या सासऱ्याकडं दे. कुणी इचारलं तर सांग, शिवाप्पा माल बघायला गेलाय."

त्यांच्या खांद्याआडून अक्का म्हणाल्या, "पोराकडं गेलाय म्हण."

मी शिवाप्पांकडं बघितलं. त्यांनी कंडक्टरपुढं दोन तिकिटांचे पैसे धरले. मोटार निघाली.