दाभणानं शिवलेला शेवट

निलंग्याच्या आमच्या दिगूमामाच्या घरी एकाही कादंबरीचा शेवट उघडा सापडायचा नाही. मामाची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात आडत. तुरीच्या पोत्याचं तोंड शिवायचं दाभण आणि सुतळी कायम हाताशी. नवी रहस्यकथा आणली की आधी स्वतः वाचून काढायचा, मग शेवटचं प्रकरण पोत्यासारखं शिवून टाकायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं गार फरशीवर पालथी पडून वाचायचो आणि आता खुनी सापडणार म्हणताना मध्ये ही सुतळी!

"मामा, उसव की रे!"

"दिवाळीला या, तवा उसवू. घाई काय हाय? खुनी कुठं पळून चाललाय?"

टाका नखानं ओढला की पानच फाटायचं. मग लातूरला परत येऊन आम्ही दिवाळीपर्यंत भांडायचो, खून दिवाणजीनं केला का स्वयंपाकिणीनं. दिवाळी आली की आईच्या आधी आमच्या पिशव्या भरलेल्या असायच्या.

ऐतिहासिक कादंबरीत राजे आजारी पडले की तिथून पुढं टाके. ते मात्र दिवाळीलाही सुटायचे नाहीत.

"माझ्या घरात राजे मरत न्हाईत," मामा म्हणायचा. विषय संपला.

पुढं आम्ही पांगलो, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. मामी गेली, आडत मोडली. मूलबाळ नाही. दाभण तेवढं राहिलं.

यंदा मे महिन्यात लेकीला, सईला घेऊन गेले. मामानं लगेच एक शिवलेली रहस्यकथा काढून दिली. सई टाक्यांपर्यंत पोचली, तेव्हा हा समोर बसून मिशीत हसत होता. पोरीनं मोबाईल उघडला.

"आजोबा, खुनी डॉक्टर आहे. यात आलंय सगळं."

मामाचं हसू उतरलं. "आसं व्हय," म्हणाला. पुस्तक परत घेत म्हणाला, "मग दिवाळीला कशाला येता आता."

मला मेलं भडभडून आलं. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, मामा आम्हाला छळतोय. अहो, तो आम्हाला बोलावत होता!

सई उठली आणि फडताळातून राजांची एक जाडजूड कादंबरी काढून वाचत बसली.

निघताना मामा स्टँडवर आला. लातूरची एसटी सुरू झाली, तशी सईनं खिडकीतून मान काढली.

"आजोबा, राजे लई आजारी आहेत हो. बरे होतात का?"

कार्टी इतिहासात वर्गात पहिली येते.

मामानं उगाच टोपी काढून परत घातली.

"मला तरी कुठं ठावं पोरी? दिवाळीला ये. दोघं मिळून उसवू."