बावीस गाड्यांचं घर

नानांच्या बेतात मुंगी शिरायलाही फट नव्हती. अकरा दहाची पॅसेंजर गेली की साडेबारापर्यंत रुळांवर चिटपाखरू नसतं, हे निवृत्त स्टेशनमास्तरला कोण शिकवणार? तेवढ्यात गिऱ्हाइकाला घर दाखवायचं आणि ‘हो’ म्हणवून घ्यायचं!

घर रुळांपासून पन्नास पावलांवर. नानांनी दोन महिने खपून ते नवंकोरं केलं होतं. फरशी नवी, रंग नवा, आणि दुहेरी काचेच्या खिडक्या तर त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेल्या. महिन्याभरात लेकीचं बाळंतपण होतं. त्याआधी घर विकून तिच्या गावी राहायला जायचं, हा माईंचा हट्ट.

“हे तिसरं गिऱ्हाईक,” माईंनी सकाळीच बजावलं. “आधीची दोन गाड्यांच्या धडधडाटाने पळाली. हेही गेलं तर मी एकटी जाते. तुम्ही बसा खिडक्या पुसत.”

डॉक्टरीणबाई आल्या, सोबत त्यांचे वकील यजमान. वकीलसाहेब फाटकातच सुरू झाले. फरशीवर बोलले, भिंतींवर बोलले, नळावर तर दहा मिनिटं बोलले.

“गाड्यांचा त्रास?” बाईंनी कसंबसं मध्ये घुसून विचारलं.

“छे, दिवसाला दोन. त्याही लाजत जातात,” नानांनी ठोकून दिलं.

बाईंना रंगाचा वास सोसेना. त्यांनी खिडकी उघडली, आणि नेमकी वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली.

नाना सांगत होते, “या घरात शांतता म्हणाल तर...” आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड आपोआप मिटलं. हात भिंतीवरच्या तसबिरीकडे गेला. माईंनी कपबशा दाबून धरल्या. वकीलसाहेबांचे ओठ थोडा वेळ हलले, मग तेही थांबले. बेचाळीस डबे गेले. नानांनी तसबीर सोडली.

“...अगदी वाचनालयासारखी.”

“आत्ता गाडी गेली,” बाई म्हणाल्या.

“कुठली गाडी?” नानांनी विचारलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना गाडी ऐकू येणं कधीच बंद झालं होतं.

माईंनी डोळे मिटून घेतले. लेकीचं घर डोळ्यांदेखत लांब चाललं होतं.

बाई मात्र यजमानांकडे बघत होत्या. वकीलसाहेब अजून गप्पच. मुद्दा कुठे सोडला होता, ते त्यांना काही केल्या आठवेना.

“लग्नाला अठरा वर्षं झाली,” बाई माईंच्या कानाशी म्हणाल्या. “असं आज पहिल्यांदा घडलं. पण दोनच गाड्या म्हणजे फारच कमी हो.” आणि त्यांनी निघायला पर्स उचलली.

“बावीस!” माई ओरडल्या. “हे साफ खोटं बोलतात. बावीस, आणि मालगाड्या वेगळ्या.”

“मग घर घेतलं,” बाई म्हणाल्या. “फक्त या जाड खिडक्या काढून साध्या बसवून द्या.”

पुढचे दोन दिवस नाना स्टुलावर चढून आपल्या लाडक्या खिडक्या उचकटत होते. माई खालून जुन्या खिडक्या वर देत होत्या. त्या त्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या.

“या टाकल्या नाहीस तू?” नाना चकित झाले.

“बेत तुमचा होता ना,” माई म्हणाल्या. “म्हटलं, लागतील.”