सासऱ्यांचे किलोमीटर

मॅरेथॉन म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. एक पाय पुढे टाकायचा, मग दुसरा. हे काम मी लहानपणापासून बिनचूक करत आलो आहे. ऑफिसात मी हेच सांगितलं, तेही टेबलावर मूठ आपटून.

निमित्त आमच्याकडेच राहणारे माझे सासरे. त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. अख्खा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला आणि आता उजवा हात त्यांचं ऐकत नाही. कामात असला की शहाण्यासारखा वागतो, रिकामा बसला की थरथरायला लागतो. मला फार वाईट वाटायचं. म्हणून ठरलं, सराव आणि शर्यत मिळून जितके किलोमीटर होतील, त्या हिशोबानं आमचं ऑफिस या आजाराच्या संशोधनाला देणगी देणार. मोजणीसाठी साहेबांनी मला एक मनगटी घड्याळ दिलं. ते पावलं मोजून आकडा थेट साहेबांच्या फोनवर पाठवायचं.

पहिल्याच दिवशी पट्टा काचला. सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, एवढा सैल करून देता?"

त्यांनी लगेच करून दिला. पण घड्याळ दिलं नाही. दुरुस्तीला आलेलं घड्याळ आधी स्वतःच्या मनगटावर पारखायचं, मगच परत करायचं, हा त्यांचा धंद्यातला नियम.

"मग कधी मिळेल?"

"आठवड्यानं या," ते म्हणाले. घरच्या जावयाला.

मी आठवडाभर झोपा काढल्या. घड्याळाशिवाय धावणं म्हणजे घाम वाया घालवणं.

सोमवारी साहेबांनी मला मिठीच मारली. "अहो, माणूस आहात की घोडा? काल दुपारभर धावत होतात!"

काल दुपारभर मी सोफ्यावर घोरत होतो. संध्याकाळी घरी पोचलो तर सासरे आरामखुर्चीत, घड्याळ उजव्या मनगटावर आणि हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरतोय.

"बाबा, घड्याळ काढा. तुम्ही धावताय."

"मी? मी तर सकाळपासून जागचा हललो नाही."

ते उठले, पाण्याचा पेला उजव्या हातात धरला, आकडा थांबला. पेला ठेवून बसले, आकडा पुन्हा पळू लागला.

"म्हणजे बाबा बसले की धावतात आणि उठले की विश्रांती घेतात," बायको म्हणाली.

सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "इतकी वर्षं हा हात फुकट हलत होता. आत्ता कुठे कामाला लागला."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. साहेब नियमाचे पक्के. "घड्याळात आहे ते आहे. आजार त्यांचा, हात त्यांचा, किलोमीटर त्यांच्या नावावर. पण मॅरेथॉन तुम्हाला धावायचीच आहे. तुमच्या फोटोचा फलक छापून झालाय."

तोवर घड्याळ सासऱ्यांच्याच मनगटावर राहिलं, मला मिळालं ते शर्यतीच्या दिवशी सकाळी. शर्यतीबद्दल काय सांगू? केळ्याचा वेश घातलेला एक गृहस्थ मला मागे टाकून गेला. बाबागाडी ढकलणारी एक बाई गेली. मग रुग्णवाहिका शेजारून रांगत राहिली आणि चालक दर वळणावर मायेनं विचारायचा, "बसता का?"

बसणारच होतो. पण शेवटच्या वळणावर सासरे माझ्या बायकोच्या आधारानं उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग कसला बसतोय! मी पोचलो तेव्हा फलकाची गुंडाळी झाली होती, तरी पोचलो. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"आजचे किती भरले, साहेब?"

साहेबांनी फोन पाहिला, झटकला, परत पाहिला. "शून्य."

मी घड्याळाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"काल रात्री उघडलं होतं मी," ते शांतपणे म्हणाले. "बसलेल्या माणसाला धावतोय म्हणणारं घड्याळ गिऱ्हाइकाला परत कसं देणार? आतला पावलं मोजणारा भाग काढून टाकला. आता वेळ बघा, सेकंदाचा फरक नाही."

सासऱ्यांनी खुर्चीत बसून आधीच जमवलेल्या किलोमीटरांवर नियमाप्रमाणे देणगी गेली, आणि चांगली घसघशीत गेली. ऑफिसच्या भिंतीवर आता सासऱ्यांचा फोटो आहे. आरामखुर्चीत बसलेले, गळ्यात माझं पदक.

धावले ते. मी नुसता दमलो.