टाकी अर्धी म्हणजे रिकामी

दामलेकाकांना डब्लिनहून लिमरिक किती लांब आहे असं विचारलं तर ते किलोमीटर सांगत नाहीत. म्हणतात, "दोन पंप. त्यातला एक आपल्या कामाचा." मधली गावं, किल्ले, मेंढ्या हे सगळं त्यांच्या लेखी एका पंपाकडून दुसऱ्या पंपाकडे जाताना नाइलाजानं लागतं.

याला कारण त्यांची कॅराव्हॅन. म्हणजे गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत दोन बाकं, शेगडी, बेसिन, आणि एकानं कूस बदलली की सगळी हलणार. ती मागं जोडली की गाडी दीडपट डिझेल पिते. म्हणून काका प्रत्येक प्रवासाआधी तक्ता करतात. कुठं थांबायचं, तोवर टाकीत किती उरेल, पंपाचं छप्पर किती उंच, आत कुठून शिरायचं, बाहेर कुठून पडायचं, आणि तो बंद निघाला तर बदली पंप कुठला. काका एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासतात. एक नळी दहादा बघायची सवय, पंपही तसेच बघतात. "टाकी अर्धी म्हणजे रिकामी," असं ते सांगतात. काटा अर्ध्याखाली गेला की रेडिओ बंद करतात. रेडिओ काय डिझेलवर चालतो का, असं मी एकदा विचारलं होतं. "तू नववी नापास आहेस हे अशा वेळी कळतं," म्हणाले.

ते खरं आहे. मी सदाशिव, इचलकरंजीचा, नववी नापास. पुन्हा नववीत बसण्यापेक्षा मामांच्या खानावळीत उभा राहिलो आणि तिथून कांदे चिरत चिरत डब्लिनला पोचलो. ब्लँचर्डस्टाउनच्या एका छोट्या हॉटेलात आचारी होतो. मराठी लोकांच्या गणपतीत सगळे पुण्या-नागपूरचे इंजिनियर. कुणी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" की मी म्हणायचो, "फूड प्रोसेसिंगमध्ये." समोरचा मान डोलवायचा. तासाभरानं मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी दिसलो की त्याला प्रोसेस कळायची.

काकांनी तसलं काही विचारलं नाही. "पोळ्या येतात?" एवढंच विचारलं आणि ॲडम्सटाउनच्या घरातली वरची छोटी खोली मला दिली. काकू आणि मुलगी पुण्याला. त्या दोघींना आयर्लंड दाखवायचं म्हणून काकांनी ती कॅराव्हॅन घेतली होती. त्या एकदा आल्या, चार दिवस तिच्यात राहिल्या, तीन दिवस पाऊस पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी हॉटेलात राहू." पुढची वेळ आली नाही. मग शेजारच्या सीटवर मी बसायला लागलो. मला कुणी बस म्हटलं की मी बसतो.

पहिल्याच प्रवासात माझी शोभा झाली. पंपावर काका जोडणीचा आकडा तपासायला मागं गेले आणि मला म्हणाले, "सदा, तेवढं डिझेल भरून घे." मी खिडकीची काच खाली केली, टाकीचं झाकण उघडलं आणि बसून राहिलो. आमच्याकडं पंपावरचा पोरगा येतो, "शून्य बघा साहेब" म्हणतो, आपण शून्य बघतो आणि आपला वाटा संपतो. मी मन लावून शून्याकडं बघत होतो. शून्य हलेना. मागं चार गाड्या लागल्या. शेवटी मागचा ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि खिडकीत वाकला.

"ऑल राइट देअर?"

"ग्रँड," मी म्हणालो, म्हणजे सगळं ठीक. तेव्हा माझं इंग्रजी तेवढंच होतं आणि या देशात ते बऱ्यापैकी पुरतं. तो बिचारा परत जाऊन बसला. पाच मिनिटांनी काका आले. त्यांनी काट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काय करतोयस?"

"माणूस येईल की."

"तो माणूस तूच," काका म्हणाले.

त्या दिवसापासून डिझेल भरायचं काम माझ्याकडं आलं. पण हसू नका, काकांचंही एक गुपित आहे. त्यांना कॅराव्हॅन मागं घेता येत नाही. मागं घेताना चाक डावीकडं वळवलं की ती उजवीकडं जाते, आणि काकांच्या तत्त्वात ते बसत नाही. म्हणून त्यांना एका बाजूनं शिरून समोरून बाहेर पडता येईल असलाच पंप लागतो. "आत कुणीही जातो रे," ते म्हणतात, "बाहेरचं बोल." अख्खा देश त्यांनी एकदाही रिव्हर्स न टाकता पालथा घातलाय. एकदा चुकीच्या गल्लीत शिरलो तर परत फिरायला आम्ही अकरा किलोमीटर पुढं गेलो.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात आमचं हॉटेल बंद व्हायचं ठरलं. माझ्याकडं कुठंही काम करायचा परवाना होता, पण दाखवायला कागद एकही नाही. जिथं अर्ज करावा तिथं शिक्षणाचा रकाना. मी त्यात शाळेचं नाव लिहायचो आणि पुढं काही लिहायचो नाही. दोन महिने कुणाचं उत्तर आलं नाही. परत जावं तर मामांची खानावळही आता नव्हती. मी रात्रंदिवस पोळ्या लाटत सुटलो. घाबरलो की माझे हात चालतात. काका मुकाट्यानं दोन वेळा पोळ्या खायचे.

मग देशाच्या दुसऱ्या टोकाच्या ट्रलीतल्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. गुरुवारी दुपारी तीन वाजता. मुलाखतीचं मला आलेलं तेवढं एकच बोलावणं.

"मी ट्रेननं जातो," मी म्हणालो.

"मी सोडतो," काका म्हणाले. "नाहीतरी कॅराव्हॅन बाहेर काढायची होती."

कॅराव्हॅन मागं असली की काका ऐंशीच्या वर जात नाहीत, कायदाच तसा आहे. पण ज्याच्या घरात पाच वर्षं राहिलो त्याला, तुमची खोली घरी ठेवा, असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, "ग्रँड."

आठाला निघालो. पहिल्या पंपावर रांग होती. समोरून बाहेर पडायची वाट नेमकी दुरुस्तीला, म्हणून बदली पंप. पुढं ॲडेर गावातून गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. बाहेर गवताच्या छपरांची घरं बघून पर्यटक फोटो काढत होते, आत मी घड्याळ बघत होतो. ॲबीफीलला दुसऱ्या थांब्याला आलो तेव्हा दोन वाजायला पाच कमी होते. तिथून ट्रली पाऊण तास.

"काका, अर्ध्याच्या वर आहे काटा. जाऊ या की सरळ."

"तक्त्यात आहे," काका म्हणाले आणि आत वळले.

मी डिझेल भरलं. काका पैसे देऊन आले. आणि बघतो तर समोरच्या वाटेवर दुधाचा लांबलचक टँकर आडवा उभा. ड्रायव्हर गायब. पंपावरची बाई म्हणाली, तो जेवायला गेलाय, येईल. कुठं? गावात. कधी? "ही'ल बी बॅक." मागं जागा भरपूर होती. नुसता रिव्हर्स टाकला असता तर सुटलो असतो.

काकांनी टाकला. कॅराव्हॅन हवेच्या मशीनकडं निघाली. पुढं घेतली, पुन्हा टाकला. आता ती बर्फाच्या पेटीकडं निघाली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन वाजून दहा. मी बोलायला नको होतं, पण बोललो. "राहू दे काका. नाहीतरी नववी नापासाला कोण घेणार होतं? उगीच तुम्हाला त्रास."

काकांनी इंजिन बंद केलं. उतरले. मला वाटलं, रागावले. ते मागं गेले, कॅराव्हॅनचं पुढचं छोटं चाक खाली सोडलं, हँडब्रेक ओढला, दिव्याची वायर काढली, साखळी सोडली आणि आकड्यावरून कॅराव्हॅन उचलून मोकळी केली. या कामाला ते एरवी वीस मिनिटं घेतात आणि प्रत्येक पायरीचं नाव मोठ्यानं घेतात. त्या दिवशी चार मिनिटांत झालं, नावं न घेता. पैसे द्यायला जातानासुद्धा तीनदा मागं वळून तिच्याकडं बघणारा हा माणूस. पंपवाल्या बाईला त्यांनी कॅराव्हॅनची किल्ली दिली.

"बस," मला म्हणाले.

"आणि ही?"

"बस म्हटलं ना."

मोकळी गाडी टँकरच्या बाजूनं निसटली. काका त्या दिवशी शंभरनं गेले. मी पहिल्यांदाच बघत होतो. तीनला सात कमी असताना त्यांनी मला हॉटेलच्या मागच्या दाराशी उतरवलं, शर्टाची कॉलर नीट केली, आणि "कांदा चिरून दाखव," एवढंच सांगून कॅराव्हॅन आणायला परत फिरले.

आतल्या मुख्य आचारीणबाईंचं केरी जिल्ह्याचं इंग्रजी मला चारांत एक शब्द एवढंच कळत होतं. त्यांनी माझा अर्ज पालथा ठेवला आणि खरंच कांद्यांची पाटी पुढं सरकवली. मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. मी अर्धी पाटी चिरली. बाई शेजारी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मंडे, सेव्हन."

बाहेर येऊन भिंतीवर बसलो. साडेपाचला काका आले, मागं कॅराव्हॅन, वेग ऐंशी.

"कशी काढली?" मी विचारलं.

"त्या पंपवाल्या बाईनं काढली. रिव्हर्स टाकून, एका हातानं. दुसऱ्या हातात फोन होता." काकांनी शेजारचं दार उघडलं. "तुझं?"

"सोमवारी सात वाजता."

त्यांनी मान हलवली आणि गाडी चालू केली. पण डब्लिनचा रस्ता सोडून ते गावाबाहेर एका शेतात शिरले. कुंपणाशी दोन-तीन कॅराव्हॅन उभ्या होत्या. म्हातारा शेतकरी हसत आला, "मिस्टर दामले, यू'र द मॅन हू रँग अबाउट द गेट." फाटकातून सरळ आत येता येतं का, हे काकांनी त्याला सहा वेळा फोन करून विचारलं होतं म्हणे. काकांनी वीज जोडली, गॅस बघितला, आणि आतला प्रेस उघडला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. प्रेसमध्ये तांदूळ, तूरडाळ, पोहे, आणि माझा कांदा-लसूण मसाला.

"इथं खोल्या लगेच मिळत नाहीत," काका दुसरीकडं बघत म्हणाले. "मिळेपर्यंत राहा. म्हाताऱ्याशी बोललोय."

टेबलावर त्यांचा परतीचा तक्ता पडला होता. वर लिहिलं होतं: कॅराव्हॅनशिवाय, माणूस एक. तारीख दोन आठवड्यांपूर्वीची, मला बोलावणं आलं त्या दिवसाची.

"काका, आणि मला घेतलं नसतं तर?"

काकांनी कागद घडी करून खिशात घातला. "त्याचा तक्ता केला नव्हता," म्हणाले, आणि गेले.

साडेनऊला फोन आला. बाहेर अजून लख्ख उजेड होता, मी दारात बसून भात खात होतो.

"पोचलो," काका म्हणाले. "एकही थांबा नाही. टाकी अर्ध्याच्या वर."

"झकास की."

त्यांनी फोन ठेवला नाही. ॲडम्सटाउनच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर मला इथं ऐकू येत होती.

"सदा, एक राहिलंच बघ," ते म्हणाले. "कॅराव्हॅन एका जागी उभी राहिली की टायर खराब होतात. कुणीतरी येऊन बघायला पाहिजे. शनिवारी असशील का?"

मी दारातून वाकून बघितलं. दोन्ही टायर टणक होते, त्यांनीच निघताना दाबून पाहिलेले.

"असतो की," मी म्हणालो. "आणि काका, डाव्यात हवा जरा कमीच वाटतीय."