डबल अप्पा

आमच्या गल्लीतले बसलिंगअप्पा प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात. अडखळून नाही की विसरून नाही. चांगलं खणखणीत, पहिल्याइतक्याच ठसक्यात दुसऱ्यांदा. "नळाला पाणी आलंय. नळाला पाणी आलंय." लातुरात ही बातमी दोनदा ऐकायला कुणाची हरकत नसते. पण "तुमची मनी आमच्या पत्र्यावर हाय, तुमची मनी आमच्या पत्र्यावर हाय" हे सकाळी दात घासताना ऐकलं की माणूस मांजर पाळल्याचा पश्चात्ताप करतो.

गल्लीनं त्यांचं नाव डबल अप्पा ठेवलंय. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ठेवू द्या की. ठेवू द्या की."

या सवयीचं कारण मी नव्या भाडेकरूंना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. अप्पा आधी कंडक्टर होते, मग नांदेडकडच्या एका स्टँडवर कंट्रोलर. जन्मभर भोंग्यावरून "किनवटला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे" असं दोन-दोनदा पुकारलं, तीच जीभ घरी घेऊन आले. ऐकणारा हसायचा, मीही हसायची. हे आता लिहिताना माझी मान आपोआप खाली जाते आहे. का ते पुढे येईलच.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि फावल्या वेळात कापाकापी करते. म्हणजे असं की आमचा एक हौशी गट आहे. कोल्हा, करकोचा, सिंह, उंदीर अशा जुन्या बोधकथा वाचून रेकॉर्ड करायच्या आणि ज्याला हव्यात त्याला फुकट ऐकायला इंटरनेटवर ठेवायच्या. निलंग्याच्या एक बाई वाचतात, उदगीरचे एक औषधवाले वाचतात. मी वाचत नाही. माझा आवाज फुटक्या पिपाणीसारखा आहे असं आमच्याच घरातले म्हणतात. मी आलेलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन त्यातली घाण काढते. खोकला, कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची आरोळी, कुणाचा गिळलेला आवंढा. गटात माझ्या कात्रीला मान आहे, आणि तो मान मला बरा चढलाही होता.

एके दिवशी अप्पा दारात उभे. "आमचाबी आवाज घ्या तुमच्या गोष्टीत. आमचाबी आवाज घ्या तुमच्या गोष्टीत."

अट एकच होती. रेकॉर्डिंग माझ्या घरी करायचं, आणि त्यांच्या घरी कळू द्यायचं नाही.

त्यांच्या घरी म्हणजे नीलाकाकू. दुसरं कुणी नाहीच. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. काकू फार देखण्या आणि फार हसऱ्या. पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं, आणि त्यातल्या त्यात चहा देणारी भिंत. "काकू, अप्पा आहेत का?" असं विचारलं की त्या गोड हसून आत जात आणि चहा घेऊन येत. "काकू, तुमच्याकडे लाइट आहे का?" चहा. "काकू, येते हं." पुन्हा चहा. गल्लीतल्या बायकांचं मत होतं की काकूंना गर्व आहे, आपल्यासारख्यांशी बोलायला त्यांची जीभ उचलत नाही. मीही त्या मतात होते. चहा मात्र पीत होते.

आमच्या अडगळीच्या खोलीत, वाकळांच्या चळतीमध्ये अप्पांचा स्टुडिओ उभा राहिला. आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरूनही एक वाकळ घ्यायची, पंखा बंद. लातूरचा उन्हाळा आणि वर वाकळ. अप्पा आतून घामाघूम होऊन बाहेर येत, पण तक्रार नाही. आमच्या गटाचा नियम असा की वाचताना चुकलं तर एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. कॉम्प्युटरवर टाळीचा उंच सुळका दिसतो, मला चूक शोधत बसावं लागत नाही. अप्पांना टाळी पटली नाही. "भजनाला बसलोय का?" असं दोनदा विचारून त्यांनी स्टीलची वाटी आणि चमचा मागून घेतला. चुकलं की एक घंटी, टिंग. गाडी थांबली. पुन्हा सुरू करताना दोन घंट्या, टिंग टिंग. जाऊ द्या. एकदा माझ्या नजरेतून दोन घंट्या सुटल्या आणि ससा झोपेतून उठून टिंग टिंग करत पळाला. ती गोष्ट ऐकणाऱ्यांना फार आवडली, हे वेगळं.

वाचताना ते गोष्टीशी भांडतही. लांडगा आल्याची खोटी आवई उठवणाऱ्या गुराखी पोराची गोष्ट वाचली आणि वाकळ फेकून बाहेर आले.

"ह्याचं तात्पर्य मी वाचणार न्हाई. ह्याचं तात्पर्य मी वाचणार न्हाई."

"का हो अप्पा? खोटं बोलू नये, एवढंच तर आहे."

"पोरगं खोटं बोललं, हाव. त्याची चूक हाय. पण शेवटच्या बारीला खरं वरडून राहिलं होतं ना ते? गावानं कान द्यायला नको होता का? माणूस हाक मारून राहिला, अन् समोरचा म्हणतो, ह्याचं नेहमीचंच हाय. गावाला कुणी काहून शिकवत न्हाई तात्पर्य?"

हे सगळं ते त्या दिवशी एकदाच बोलले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, वेळ वाचला.

कारण माझा खरा वैताग तोच होता. अप्पा गोष्टीतलंही प्रत्येक वाक्य दोनदा वाचत. "एका जंगलात एक सिंह राहत होता. एका जंगलात एक सिंह राहत होता." ऐकणाऱ्याला वाटावं, दोन सिंह आहेत. मी दुसरं वाक्य कापायची. गोष्ट निम्मी होऊन निघायची, आणि सुबक निघायची. अप्पांचा आवाज होताच तसा, गार पाण्याच्या घागरीसारखा. गटानं शाबासकी दिली. ती मी माझ्या कात्रीच्या नावावर जमा केली.

शेवटी एकदा त्यांना सांगितलंच, "अप्पा, एकदाच वाचा. मला फार कापावं लागतं." त्यांनी मान डोलावली. पुढचं रेकॉर्डिंग उघडलं तर प्रत्येक वाक्यानंतर बरोबर त्या वाक्याएवढी शांतता. वाकळेखाली ते दुसऱ्यांदा मनातल्या मनात म्हणत होते. मी पोट धरून हसले, गटातल्या दोघींना फोन करून सांगितलं, आणि ती शांतताही कापली.

गोष्टी इंटरनेटवर चढल्या तशा मी त्यांच्या फोनवर घालून दिल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "छान कापलंत." जरा थांबून, हळू आवाजात, "छान कापलंत." मी ते कौतुकच समजले. त्यानंतर ते रेकॉर्डिंगला आले नाहीत. बोलावलं की घसा धरलाय म्हणत. वाटी-चमचा अडगळीत तसाच पडून राहिला.

मग एका दुपारी गफूरभाई आले. अप्पांच्याच स्टँडवरचे जुने ड्रायव्हर, कंधारचे. अप्पा घरी नव्हते. काकूंनी अर्थातच चहा दिला, आणि बोलायला कुणी नाही म्हणून गफूरभाई ओट्यावर येऊन माझ्याशी बोलत बसले. मी माझा नेहमीचा विनोद केला, की स्टँडवर दोन-दोनदा पुकारून अप्पांची जीभ तशीच राहिली.

गफूरभाईंनी बशी खाली ठेवली. "कोण, बसलिंगअप्पा? दोनदा? काय बोलून राहिलात ताई. ते तर एकदाच पुकारायचे. परत विचारलं का खल्लास. म्हातारी असू दे, बाळंतीण असू दे, 'कान घरी ठेवून आलात का?' असं तोंडावर बोलायचे. स्टँडवर त्यांना समदे टरकून होते."

मला काही सुधरेना. इतकी वर्षं मी जे कारण छातीठोकपणे सांगत आले होते, ते साफ खोटं निघालं होतं. संध्याकाळी अप्पा गंजगोलाईच्या बाजारातून भाजी घेऊन येताना दिसले. मी त्यांना ओट्यावरच गाठलं आणि गफूरभाई काय म्हणाले ते सांगितलं. मला वाटलं, उडवून लावतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसले.

"खरं हाय त्याचं," ते म्हणाले. "लई तुसडा होतो मी. स्टँडवर तसा, अन् घरीबी तसाच. हिला ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा मला कळलंच न्हाई. ती परत विचारायची, काय म्हणलात? मी वरडायचो, कान घरी ठेवून आलीस का? आता घरातच होती बिचारी, कान कुठं ठेवणार? मग तिनं विचारायचंच सोडलं. नुसती हसायला लागली. मला वाटलं, बरं झालं, शहाणी झाली."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"डाक्टरनं सांगितलं तवा उजेड पडला. मशीन लावायला ती तयार न्हाई, लोक काय म्हणतील म्हणून. पण तिला एवढं बी बंद न्हाई. पहिल्या बारीला आवाज येतो, दुसऱ्या बारीला शब्द. पण दुसऱ्यांदा मागायची कुणाला? माझ्याकडं मागायचं तोंड मीच ठेवलं न्हाई तिला. म्हणून मग मागायच्या आधीच दोनदा सांगू लागलो. तिच्या एकटीला दोनदा सांगितलं तर तिला लागंल. म्हणून समद्यांनाच दोनदा. तुम्हालाबी, दूधवाल्यालाबी. तिला वाटावं, म्हातारपणानं ह्याची जीभच तशी झाली."

"आणि गोष्टी?"

"टीव्हीवरचे लई घाईनं बोलतात. गल्लीतलं कुणी बोलत न्हाई. मी भाजीला, बँकेत गेलो का दिवसभर एकटीच. तिला गोष्टींचा लई नाद, लेकीला अशा सांगायची का पोरगी जेवायची इसरायची. म्हणलं, तिला आधी न सांगता फोनात आपला आवाज ठेवावा. तिला माझा आवाज खेकसलेला आठवत असंल. थोडा धीराचाबी ऐकू द्यावा."

पुढचं मला विचारवेना, पण विचारलं. "मग ऐकल्या त्यांनी?"

"हाव. कानाला लावून ऐकली एक. अन् माझ्याकडं बघून हसली." अप्पांनी पिशवीतली मेथीची जुडी उगाच सारखी केली. "ते कसलं हसू हाय, मला म्हाईत हाय ना."

मला तेव्हा जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. त्या बाईसाठी म्हणून या माणसानं उन्हाळ्यात वाकळेखाली बसून जे म्हटलं होतं, नेमकं तेवढंच मी घाण म्हणून काढलं होतं. त्या शांततेवर तर मी हसले होते, गटातल्या दोघींना हसवलं होतं. आणि ज्यांच्या घरचा चहा इतकी वर्षं प्याले त्यांना गर्विष्ठ म्हणून मोकळी झाले होते. अप्पांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. ते म्हणाले, "तुमचा नियम हाय तो. तुम्ही काय करणार." आणि हे दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

मूळ रेकॉर्डिंग मी कधी पुसत नाही, आळस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा आळस कामी आला. बसून एकेक दुसरं वाक्य मी परत जागेवर लावलं. जिथं अप्पांनी मनात म्हटलं होतं तिथल्या ओळी त्यांना बोलावून पुन्हा वाचून घेतल्या. या वेळी घसा धरलेला नव्हता. गटात कुरबुर झाली. ऐकणारे कंटाळतील, म्हणाले. मी म्हटलं, कंटाळू देत, या गोष्टी अशाच राहतील. कात्रीचा मान थोडा कमी झाला, तो व्हायलाच हवा होता.

गोष्टी फोनात घालून द्यायला मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं.

"काकू, अप्पा आहेत का?"

काकू गोड हसल्या आणि चहासाठी आत वळल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि घाई न करता पुन्हा म्हटलं, "अप्पा आहेत का?"

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज ऐकू आला, बारीक, बिनसवयीचा.

"न्हाईत गं. दळण आणायला गेलेत. बस की, येतीलच."

मी बसले. चहा आला. आणि चहाबरोबर काकूही येऊन समोर बसल्या, मी काही बोलेन म्हणून.